गाड्या मोजल्याची वही

तीन वर्षांपूर्वी जूनच्या पहिल्या शनिवारी संध्याकाळी साडेसहापासून मी आणि आमच्या आळीतली दोन मुले वेशीजवळच्या पारावर शंभर पानी वही घेऊन बसलो होतो. काजवे पाहायला येणाऱ्या गाड्या मोजायच्या, एवढेच काम आम्ही अंगावर घेतले होते. चार उभ्या रेघा आणि त्यांवर एक आडवी, असे पाच-पाचचे जुडगे करत रात्री पावणेदहापर्यंत २१४ गाड्यांची नोंद झाली. त्यानंतर मोजणी थांबवावी लागली, कारण गाड्या जागच्या हलेनात. आमचा रस्ता एका वेळी एकच मोठी गाडी जाईल एवढा आहे. येणारे आणि परतणारे त्यावर समोरासमोर आले, दुपारी वळवाची सर पडून गेल्यामुळे दोन्ही बाजूंच्या साइडपट्ट्या चिखल झालेल्या होत्या आणि बाजूला घ्यायला कोणालाच जागा नव्हती. त्या कोंडीत खालच्या वाडीतली बाळंतपणात अडलेली एक बाई जीपमध्ये पाऊण तास बसून होती. आमच्या मुलांनी एकेक गाडी हातांनी ढकलून वाट केली म्हणून ती वेळेत दवाखान्यात पोचली.

ओढ्याच्या काठी आमचा एक जुना सादडा आहे. माझ्या लहानपणी मेच्या अखेरीस तो झाड म्हणून दिसतच नसे. नुसता उजेडाचा एक मोठा ढीग श्वास घेतल्यासारखा लुकलुकत असे. सगळे काजवे एका लयीत पेटायचे आणि एका लयीत विझायचे. त्या शनिवारी त्या झाडावर तीस-चाळीस गाड्यांचे दिवे पडले होते, आणि लोक त्याच्याकडे पाहून आपसांत विचारत होते, की काजवे कुठे आहेत.

मी याच गावचा आहे. नाशिकला अंबडच्या कारखान्यात अकरा वर्षे नोकरी केली आणि मग परत येऊन वडिलांच्या घराला लागून तीन खोल्या बांधल्या. तेव्हापासून आमचे घर पुष्कळसे पाहुण्यांवरच चालते. त्यामुळे पर्यटन नको, असे म्हणण्याचा मला अधिकार नाही आणि माझे तसे मतही नाही. मात्र त्या रात्रीपासून एक गोष्ट मी भेटेल त्याला सांगत आलो आहे आणि आज ती नीट लिहून काढायची आहे: आमच्या अकोले तालुक्याची जाहिरात करायला आता पुष्कळ जण आहेत, पण या तालुक्यातल्या कोणत्या गावात, कोणत्या महिन्यात, किती माणसे मावतात हे अजून बहुतेक ठिकाणी कोणी मोजलेले नाही. ते मोजल्याशिवाय पुढची जाहिरात करू नये, आणि ती मोजणी गावाने स्वतः करावी.

ज्यांनी हा तालुका पाहिलेला नाही त्यांच्यासाठी थोडे सांगतो. अहिल्यानगर जिल्ह्याच्या वायव्य टोकाला, सह्याद्रीच्या धारेवर अकोले आहे. २०११ च्या जनगणनेनुसार तालुक्याची लोकसंख्या तीन लाखांच्या थोडी आत आणि त्यातले जवळजवळ निम्मे लोक आदिवासी, मुख्यतः महादेव कोळी आणि ठाकर. राज्यातले सर्वांत उंच शिखर कळसूबाई, १६४६ मीटर, याच तालुक्यात बारी गावाच्या डोक्यावर उभे आहे. हरिश्चंद्रगड, त्याचा कोकणकडा आणि केदारेश्वराच्या गुहेतले ते गार पाण्यातले लिंग येथलेच. रतनगडावर प्रवरा उगम पावते आणि त्याच्या पायथ्याला रतनवाडीत अमृतेश्वराचे कोरीव मंदिर आहे. साम्रदची सांदण दरी, घाटघरचा कडा, रंधा धबधबा, ही नावे आता मुंबई-पुण्याच्या शाळकरी मुलांनाही पाठ असतात. १९२६ साली पुरे झालेले भंडारदऱ्याचे विल्सन धरण तर शंभर वर्षांचे झाले. १९८६ मध्ये जाहीर झालेल्या कळसूबाई-हरिश्चंद्रगड अभयारण्याचे क्षेत्र ३६१ चौरस किलोमीटरांहून अधिक आहे, म्हणजे आमची पुष्कळशी गावे अभयारण्याच्या आत किंवा त्याच्या कडेला नांदतात.

एकाच तालुक्यात इतके सारे असताना जाहिरातीची कमतरता कधीच नव्हती. कमी होते ते येण्याचे साधन. ती अडचणही आता राहिलेली नाही. मुंबई आणि पुणे दोन्ही पावणेदोनशे किलोमीटरांच्या आसपास, नाशिक त्याच्या निम्म्याहून कमी. जून २०२५ मध्ये समृद्धी महामार्गाचा इगतपुरी ते आमणे हा शेवटचा टप्पा खुला झाला आणि मुंबईकरांचा कसारा घाट टळला. शुक्रवारी रात्री ठाण्यात ठरवायचे आणि शनिवारी सकाळी घोटीवरून बारीत उतरायचे, एवढे हे सोपे झाले आहे. त्यात भर पडली ती मोबाइलवरच्या अर्ध्या मिनिटाच्या व्हिडिओंची. पूर्वी एखादा धबधबा लोकांना माहीत व्हायला दहा वर्षे लागत. आता एक पावसाळी आठवडा पुरतो, आणि पुढच्या रविवारी त्या धबधब्याच्या खालच्या खाचरात लोक बूट घालून उतरलेले असतात.

आता मला ज्याविषयी खरोखर बोलायचे आहे त्या महिन्यांच्या हिशेबाकडे येतो. आमच्याकडे पर्यटनाचे दोन मोठे भर असतात. पहिला मेच्या शेवटच्या आठवड्यापासून जूनच्या मध्यापर्यंत, काजव्यांचा. दुसरा जुलै-ऑगस्टमध्ये, धबधब्यांचा. हे दोन्ही भर गावाच्या सर्वांत अडचणीच्या आणि सर्वांत कामाच्या दिवसांवर येऊन पडतात, आणि ही गोष्ट शहरात बसून योजना आखणाऱ्याच्या लक्षात येणे कठीण आहे.

मे अखेरीचे पाहा. घाटघर, रतनवाडीच्या पट्ट्यात कित्येक वर्षी पाच हजार मिलिमीटरांहून अधिक पाऊस पडतो; तालुक्याच्या पूर्व टोकाला त्याच्या दशांशाच्या आसपास. एवढा पाऊस पडूनही आमच्या वाड्यांना एप्रिलपासून पाणी पुरत नाही, कारण हा सगळा काळा पाषाण आहे, तो पाणी धरत नाही. पडलेले पाणी ओढ्यांनी धरणात जाते आणि धरणातले पाणी आवर्तनांनी खाली प्रवरेच्या कालव्यांवर, संगमनेर, राहाता, श्रीरामपूरच्या उसाला आणि पिकांना जाते. अकरा टीएमसीचे धरण मेमध्ये तळाला गेलेले असते आणि वाडी त्याच्या वर डोंगराच्या अंगावर असते. धरण उशाला आणि कोरड घशाला, ही म्हण वर्तमानपत्रांत नेहमी वाचायला मिळते. आमच्या बायका ती डोक्यावर वाहतात. विहिरीच्या तळाशी साठलेले पाणी वाटीने हंड्यात भरायचे, हंडा भरायला वीस मिनिटे, आणि मागे नंबर लावून बसलेल्या दहा-बारा जणी.

त्याच पंधरवड्यात आमच्याकडे काजव्यांसाठी माणसे येतात. माझ्या घरी मी एकदा हा हिशेब मांडून पाहिला. मे महिन्यात आम्ही घरची माणसे माणशी दोन हंड्यांवर, म्हणजे तीस लिटरांत, दिवस काढतो. शहरातून आलेला पाहुणा आंघोळ, संडास, हातपाय धुणे मिळून सहज शंभर लिटर वापरतो. त्यात त्याचा काही दोष नाही, त्याच्या घरी तो याहूनही अधिक वापरतो. बारा हजार लिटरांचा एक टँकर आमच्या चारशे माणसांच्या वाडीला एक दिवस पुरतो. तोच टँकर १२० पाहुण्यांत रिकामा होतो. माझी चुलती पहिल्या वर्षी खोल्यांच्या दाराशी उभी राहून मला हळू आवाजात विचारत असे, "एकेक जण किती बादल्या घेतोय रं?" पाहुण्याला पाणी मोजून देणे तिच्या जिवाला पटत नव्हते आणि न मोजता देणे परवडत नव्हते.

पाण्याखेरीज कामाचा प्रश्न आहे. मे अखेरीस राब, म्हणजे रोपांच्या जागेवर पसरलेला पालापाचोळा, भाजून झालेले असतात, बांधबंदिस्ती चालू असते, पावसाच्या पहिल्या सरीबरोबर भाताची रोपे टाकायची असतात. जुलैमध्ये आवणी, म्हणजे भाताच्या रोपांची लावणी, लागते. आवणी म्हणजे घरातले लहानथोर सगळे गुडघाभर चिखलात; चार दिवस चुकले तर रोप पोसवते आणि वर्षाचे भात कमी येते. नेमक्या त्याच शनिवार-रविवारी खालच्या रस्त्यावर धबधब्यांसाठी रांगा लागतात आणि फोन येतो, "वीस जणांचे जेवण होईल का?" होकार द्यावा तर आवणीला दोन हात कमी, नकार द्यावा तर रोख पैसा गेला. माझ्या बायकोने एका वर्षी पहाटे चारला उठून भाकरी थापल्या, सात वाजता आवणीला गेली आणि दुपारी पुन्हा येऊन वाढले. तिला त्या महिन्यात ताप आला तो आठ दिवस उतरला नाही. तेव्हापासून आवणीच्या दोन आठवड्यांत आम्ही पाहुणे घेत नाही.

आणि ज्या महिन्यांत गावाला हाताला काम नसते ते महिने कोणते? भाताची सोंगणी झाली की डिसेंबरपासून पुढे. त्या दिवसांत आमची तरुण जोडपी मुलांना आजीकडे ठेवून नारायणगावला जातात. तेथे सकाळी मजुरांचा बाजार भरतो; शेतकरी येतात, मजुरी ठरते, आणि आमची माणसे टोमॅटोच्या, द्राक्षांच्या शेतात रोजंदारीवर जातात. त्याच डिसेंबर-जानेवारीत आमच्याकडे हवा सर्वांत चांगली, आकाश सर्वांत स्वच्छ, ओढ्यांत पाणी, वाटा कोरड्या आणि गड चढायला सुरक्षित असतात. तालुक्याच्या पर्यटनाची जाहिरात करायचीच असेल तर ती या महिन्यांची करायला हवी. शेकडो गाड्यांच्या एका काजव्याच्या रात्रीपेक्षा हिवाळ्यातले रोजचे दहा पाहुणे गावाला अधिक उपयोगाचे आहेत, कारण त्यांच्यामुळे एखादे जोडपे नारायणगावला न जाता घरी राहू शकते आणि त्यांचे मूल शाळेतून गळत नाही.

हिवाळ्यात दाखवण्यासारखे काय आहे, असे विचारणाऱ्यांना मी खूप काही सांगू शकतो. देवगाव हे राघोजी भांगरे यांचे गाव. इंग्रज आणि सावकार या दोघांशी लढलेल्या या महादेव कोळी वीराला १८४८ साली ठाण्याच्या तुरुंगात फाशी दिले गेले, आणि धरणावर येणाऱ्या बहुतेकांना आपण त्यांच्या मुलखातून जात आहोत याची कल्पना नसते. कोंभाळणे हे देशी बियाणे जपणाऱ्या बीजमाता राहीबाई पोपेरे यांचे गाव. २०२० च्या पद्म पुरस्कारांत त्यांना पद्मश्री जाहीर झाली. आमच्या भागात काळभात, जिरवेल, आंबेमोहोर या जुन्या जातींचे तांदूळ अजून घरी खायला पिकतात. काळभाताचा भात शिजताना चुलीवरच्या पातेल्याला जो वास सुटतो तो पाहुण्याला अंगणात बसल्याजागी उठवतो, हे मी अनेकदा पाहिले आहे. नागलीची भाकरी, हुलग्याचे माडगे, खुरासणीची चटणी, मधाचे पोळे कसे ओळखतात, कोणत्या झाडाचा चीक लावल्याने काटा वर येतो, हे सांगणारी माणसे आहेत. त्यासाठी कोणता पूल किंवा काचेचा मनोरा बांधावा लागत नाही. मार्चपासून रानात बाळहिरडा, म्हणजे हिरड्याची कोवळी फळे, गोळा करण्याचे काम चालते. तेही एखाद्या पाहुण्याने दोन तास बरोबर चालून पाहावे असे आहे.

मात्र काजव्यांचा पंधरवडा टाळताच येणार नाही, तेव्हा त्याची व्यवस्था नीट केली पाहिजे. त्यासाठी काजवा म्हणजे काय हे आधी समजले पाहिजे, आणि खरे सांगायचे तर मलाही ते गावात जन्मून तीस वर्षे समजले नव्हते. काजव्याच्या आयुष्यातले कित्येक महिने अळीच्या रूपात ओल्या मातीत, पालापाचोळ्याखाली जातात. तेथे ती अळी गोगलगाई खाऊन वाढते. पंख फुटल्यावर त्याच्या हाती जेमतेम दोन-तीन आठवडे असतात, आणि त्या दिवसांत त्याचे एकच काम असते, जोडीदार शोधून अंडी घालणे. पोटातल्या एका द्रव्याचा प्राणवायूशी संयोग होऊन तो थंड उजेड तयार होतो. उडणारा नर उजेडाने विचारतो आणि माद्या बहुधा खाली गवतात, झुडपांत बसून त्याला उत्तर देतात. म्हणजे झाडाकडे मोबाइल धरून जो माणूस चार पावले गवतात शिरतो, त्याच्या बुटाखाली पुढच्या वर्षीचे काजवे असतात. आणि ज्या गाडीचा दिवा झाडावर पडतो, तिच्यामुळे त्या नराची खूण मादीला दिसतच नाही. गाडीच्या दिव्यांची रात्र त्यांच्यासाठी वाया गेलेली रात्र असते, आणि त्यांच्याजवळ रात्री फार थोड्या असतात.

हे कळल्यावर करायच्या गोष्टी आपोआप ठरत गेल्या. गाड्या झाडांपासून लांब, गावाच्या अलीकडच्या माळावर थांबवायच्या. तेथून पायी, दहा-पंधरा जणांच्या गटाने, गावातल्या वाटाड्याबरोबर जायचे. विजेरीच्या काचेला लाल कागद लावायचा आणि ती जमिनीकडे धरायची. झाडाजवळ दोर बांधायचा, दोराच्या आत कोणी जायचे नाही. फ्लॅश नाही, स्पीकर नाही. रात्री साडेनऊनंतर नवा गट सोडायचा नाही, म्हणजे राहिलेली रात्र काजव्यांची. वनविभागानेही अलीकडच्या वर्षांत अभयारण्यात वेळेचे आणि वाहनांचे निर्बंध घातले आहेत, ते आवश्यकच होते. पण नाक्यावरचा चार माणसांचा पहारा हजारो माणसांना नियम समजावून सांगू शकत नाही. ते काम दहा जणांना हाताशी धरून चालणारा वाटाड्याच करू शकतो.

आता पैशाविषयी. येथे मला माझा एक अनुभव सांगितला पाहिजे. पहिल्या काही वर्षांत एका शहरातल्या आयोजकामार्फत मी पाहुणे घेत असे. एका शनिवारी त्याने ४० माणसे सांगितली आणि ७० पाठवली. रात्री साडेअकरापर्यंत माझी बायको, चुलती आणि शेजारच्या दोघी चुलीपुढून उठल्या नाहीत. पीठ संपले तेव्हा घरोघर मागून आणले. पाहुण्यांशी बोलता बोलता कळले, की त्यांनी माणशी १,५०० रुपये भरले होते. आम्हाला मिळायचे होते माणशी ३००. त्यातूनही जेवण उशिरा वाढले म्हणून पुढे कापून घेतले गेले. रागापेक्षा मला त्या रात्री लाज वाटली ती चुलतीसमोर, कारण तिच्या हाताच्या भाकरीची किंमत तिच्या वतीने मी ठरवू दिली होती.

याच तालुक्यात पुरुषवाडीने या प्रश्नाचे उत्तर फार पूर्वी शोधले. ग्रासरूट्स या संस्थेच्या मदतीने तेथे ग्रामपर्यटन सुरू झाले, आणि तेथली मुख्य गोष्ट मला वाटते ती पाळी. पाहुणा आला, की तो कोणाच्या घरी जेवेल, कोणाबरोबर रानात जाईल हे पाळीने ठरते, दर गावाने ठरवलेला असतो, आणि ज्याच्याकडे सिमेंटची खोली नाही त्याच्याही घरी वर्षातून पाहुण्याचे पान वाढले जाते. आम्ही आमच्या गावात पाळी सुरू करायला निघालो तेव्हा सोपे गेले नाही. ज्यांच्याकडे पक्के संडास आणि फरशीच्या खोल्या होत्या, त्यांनी कर्ज काढून त्या बांधल्या होत्या; त्यांना पाळी म्हणजे नुकसान वाटत होते, आणि त्यांत मी स्वतःही होतो. ज्यांच्याकडे काहीच नव्हते त्यांचे म्हणणे होते, की रस्त्यावरची गर्दी, कचरा आणि पाण्याची ओढ सगळ्यांनी सोसायची आणि पैसा सहा घरांनी घ्यायचा, हे कसे? तीन बैठका भांडणात गेल्या. शेवटी असे ठरले, की पाहुण्याने झोपायचे ज्याच्याकडे खोली आहे त्याच्याकडे, पण जेवायचे पाळीने दुसऱ्या घरी; वाटाड्याही पाळीने; आणि प्रत्येक पाहुण्यामागे ठरलेली रक्कम गावाच्या खात्यात, तीतून कचरा वाहून नेणारा ट्रॅक्टर आणि टँकर. हे पूर्ण निभते असे मी म्हणणार नाही. दोन घरे अजूनही परस्पर बुकिंग घेतात. पण मागच्या हंगामात २३ घरांतल्या चुलींवर पाहुण्यांचे जेवण शिजले, जेथे पूर्वी सहाच घरांत शिजत असे.

संख्येवर मर्यादा घातली की व्यवसाय बुडतो, अशी भीती आमच्याकडे होती. साताऱ्याच्या कास पठाराचे उदाहरण मी तेव्हा ग्रामसभेत मांडले. २०१२ मध्ये पश्चिम घाटातल्या इतर स्थळांबरोबर कासला जागतिक वारशाचा दर्जा मिळाला, गर्दी उसळली, आणि मग तेथे फुलांच्या हंगामात दिवसाला तीन हजार माणसांची मर्यादा, आगाऊ ऑनलाइन नोंदणी आणि प्रवेशशुल्क अशी व्यवस्था उभी राहिली. आसपासच्या गावांच्या समित्या आणि तेथली मुले ती चालवतात. लोक नोंदणी करून जातातच. कासची तुलना आमच्याशी पूर्ण जुळत नाही, हेही मान्य केले पाहिजे. तेथे एक पठार आहे आणि त्याला मोजकी दारे आहेत. आमच्याकडे धरणाभोवतीचा रस्ता दोन्हीकडून उघडा आहे आणि काजवे दहा-बारा गावांच्या शिवारांत आहेत. एका गावाने दार लावले, तर गर्दी पुढच्या गावात जाते. म्हणून मर्यादा शेवटी साऱ्या गावांनी मिळून घालायला हवी.

हे अवघड का आहे, ते कागदपत्रे घेऊन हिंडल्यावर मला समजले. जंगल वन्यजीव विभागाचे, धरण आणि त्याच्या काठची जमीन जलसंपदा विभागाची, रस्ता सार्वजनिक बांधकामचा किंवा जिल्हा परिषदेचा, वाहतूक पोलिसांची, काही निवासस्थाने पर्यटन महामंडळाची, संडास आणि कचरा ग्रामपंचायतीचा. राज्याचे २०२० चे कृषी पर्यटन धोरण आहे, न्याहारी व निवास योजना आहे. त्यांत एकेका घराची नोंदणी होते. प्रत्येकाजवळ स्वतःच्या तुकड्याची नोंद आहे, पण अमुक शनिवारी या खोऱ्यात एकूण किती माणसे उतरली, हा आकडा कोणत्याही एका नोंदवहीत लिहिला जात नाही, कारण तो लिहिणे कोणाचेच नेमून दिलेले काम नाही. यात मी कोणा एका कार्यालयाला दोष देत नाही. आणि व्यवस्था नसली की शेवटी उरते ती बंदी. पावसाळ्यात एखाद्या ठिकाणी माणसे वाहून जातात, मग प्रशासनाला धबधब्यांवर सरसकट मनाई करावी लागते; तिचा फटका ज्याने दोर, शिट्टी आणि स्थानिक वाटाड्या घेऊन नीट नेले असते त्यालाही बसतो. सांदण दरीत पाऊस लागला की काय होते, हे साम्रदच्या पोराला पाषाणावरच्या पाण्याच्या रेघा पाहून कळते. ते नकाशावर दिसत नाही.

आमच्या बाजूने एक चांगली गोष्ट आहे. तालुक्याचा पश्चिमेकडचा बराच भाग अनुसूचित क्षेत्रात येतो, म्हणून आदिवासी भागांतल्या ग्रामसभांना अधिकार देणारा १९९६ चा पेसा कायदा आणि त्याचे २०१४ चे महाराष्ट्राचे नियम आम्हाला लागू आहेत. गावाच्या साधनसंपत्तीचा सांभाळ करण्याचा अधिकार ग्रामसभेला आहे, आणि ग्रामसभेचा ठराव हातात असला, की कार्यालयांत बोलणे निराळ्या पद्धतीने ऐकले जाते. आम्ही ठराव केला तो असा. माळावर आणि दोन खळ्यांत मिळून किती गाड्या शिस्तीत उभ्या राहतात, हे दोरी टाकून मोजले, ७० निघाल्या. पक्के संडास मोजले, २६ निघाले. मे अखेरीस विहीर आणि टँकर मिळून घरची गरज भागल्यावर किती पाणी उरते, ते मोजले. या तिन्हींत सर्वांत कमी पडत होते ते पाणी, म्हणून त्याच्यावरून आकडा धरला: रात्रीला ६० गाड्या, त्यांतून आलेल्यांपैकी मुक्कामाचे पाहुणे १०० च्या आत. नोंदणी आगाऊ, फोनवर. ओढ्यावर गाडी धुवायची नाही, आणि आवणीच्या दोन आठवड्यांत गाव बंद.

गेल्या वर्षी पहिल्याच शनिवारी संध्याकाळी साडेसातला साठावी गाडी आत आली आणि मुलांनी साखळी लावली. त्यानंतर आलेल्यांना परत जायला सांगणे हे माझ्या आयुष्यातले अवघड काम होते. एक कुटुंब ठाण्याहून आले होते, मागच्या सीटवर आजी होत्या, त्यांना लहानपणी कोकणात पाहिलेले काजवे पुन्हा एकदा पाहायचे होते. नियम नियम म्हणून मी त्यांना परत धाडू शकलो नाही. आजींना आणि त्यांच्या नातीला माझ्या भावाच्या मोटारसायकलवरून एकेक करून ओढ्यापर्यंत नेले, गाडी साखळीबाहेरच राहिली. बाकीच्यांना चहा दिला आणि सोमवार ते गुरुवारचे दिवस मोकळे आहेत, असे सांगून नंबर लिहून दिला. काही चिडले. त्यांतले सात जण पुढच्या आठवड्यात मधल्या वारी खरोखर आले.

त्या रात्री दहा वाजता मी सादड्याखाली गेलो. आजी दोराच्या अलीकडे दगडावर बसल्या होत्या आणि नात त्यांच्या मांडीवर डोके ठेवून वर पाहत होती. झाड अर्ध्याहून थोडे अधिक पेटले होते. माझ्या लहानपणी होते तेवढे नव्हे. घरी आल्यावर चुलतीने दारातूनच विचारले, "पाणी राहिलं का?" टाकीत हात घालून पाहिले, तर कोपरापर्यंत पाणी होते. वहीत तारीख घालून त्यापुढे ६० लिहिले आणि त्याच ओळीत, साखळीबाहेरून परत गेलेल्या, ८३.